सिस्टच्या रिपोर्टमधल्या पांढऱ्या पेशी आणि रक्तवाहिन्या तिथे कशाला जमल्या होत्या?

प्रश्न: लहानपणी पायऱ्यांवरून पडले तेव्हा वरच्या पुढच्या दाताला मार बसला होता. दात पडला नाही, पण हळूहळू राखाडी होत गेला. कधी दुखला नाही, म्हणून मीही लक्ष दिलं नाही. आता चाळिशीत त्याच दाताच्या वर हिरडीत फुगवटा आला. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी गोल काळी जागा दिसली. डॉक्टरांनी आधी रूट कॅनाल केलं, मग शस्त्रक्रिया करून सिस्ट काढली, मुळाचं टोक कापलं आणि काढलेला भाग तपासायला पाठवला. रिपोर्टच्या शेवटी 'रॅडिक्युलर सिस्ट' असं आहे, पण माझी झोप उडाली आहे ती मधल्या परिच्छेदाने. त्यात लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशींची दाट गर्दी, फेसाळ मॅक्रोफेज, रसेल बॉडीज, कोलेस्टेरॉलच्या फटी आणि 'रक्ताने भरलेल्या असंख्य केशवाहिन्या' असं सगळं लिहिलं आहे. घरात एकांचं म्हणणं, नव्या रक्तवाहिन्या फुटणं हे कॅन्सरचं लक्षण. आणि मला वाटतं, एवढ्या पांढऱ्या पेशी होत्या तर सिस्ट वाढलीच कशी? माझी प्रतिकारशक्ती माझ्यावरच उलटली आहे का? ती वाढवायची औषधं घेऊ का? माझ्या दिराच्या अक्कलदाढेभोवतीची सिस्ट मागच्या वर्षी काढली. त्यांच्या रिपोर्टमध्ये 'सूज नगण्य' असं होतं. म्हणजे माझी सिस्ट जास्त वाईट आहे का?

उत्तर:

ताई, आधी रिपोर्टच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवा. 'रॅडिक्युलर सिस्ट', म्हणजे मेलेल्या दाताच्या मुळाशी झालेली द्रवाची पिशवी, हेच तुमचं निदान. मधला परिच्छेद म्हणजे त्या निदानापर्यंत पोचताना मायक्रोस्कोपखाली काय काय दिसलं त्याचं वर्णन आहे. कॅन्सरचा संशय असता तर तो सिस्टच्या आतल्या अस्तराबद्दल लिहिताना आला असता, 'डिस्प्लेसिया' किंवा 'अ‍ॅटिपिया' (पेशींची रचना किंवा रूप बिघडणं) अशा शब्दांत. तुम्ही कळवलेल्या मजकुरात तसं काही नाही. जबड्यातल्या सिस्टमधून कॅन्सर झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत, पण फारच विरळ, आणि तिथेही निकाल लागतो तो अस्तराच्या पेशींवरून. भिंतीत केशवाहिन्या किती आहेत हे मोजून कुणी कॅन्सर ठरवत नाही. आज रात्री निवांत झोपा.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण तो मला फार महत्त्वाचा वाटतो. एवढ्या पांढऱ्या पेशी असूनही सिस्ट वाढली कशी? याचं सरळ उत्तर असं, की तुमची सिस्ट त्या पेशी आणि त्या रक्तवाहिन्या यांच्यामुळेच वाढत होती. आणि तरीही त्यांनी काही चूक केली नव्हती. हे जरा सविस्तर सांगायला हवं.

तुम्ही पडलात तेव्हा दाताच्या मुळाच्या टोकातून आत जाणारी बारीक रक्तवाहिनी तुटली किंवा चिणली गेली असणार. दाताच्या पोटातला जिवंत गर, ज्याला आपण नस म्हणतो, त्याला रक्त मिळतं ते तेवढ्याच वाटेने. ते थांबलं आणि गर मेला. राखाडी रंग ही त्याचीच खूण, आणि मेलेला गर दुखत नाही, म्हणून तुम्हालाही कळलं नाही. पुढे दाताला गेलेल्या सूक्ष्म तड्यांतून जंतू आत शिरले. शरीराच्या बाकी कुठल्याही भागात असं झालं असतं तर पांढऱ्या पेशी रक्तातून थेट जंतूंपर्यंत पोचल्या असत्या. पण मेलेल्या दाताच्या नळीत रक्तच जात नाही, त्यामुळे पांढरी पेशीही जात नाही आणि गोळी घेतली तर अँटिबायोटिकही जात नाही. आतून कडी लावलेल्या खोलीत चोर बसावा आणि शिपायांनी वर्षानुवर्षं दारातच पहारा द्यावा, तशी ही अवस्था. जंतूंची विषद्रव्यं मुळाच्या टोकातून झिरपत राहतात आणि टोकाबाहेर पांढऱ्या पेशींचा जमाव वाढत जातो. या जमावाला आम्ही ग्रॅन्युलोमा म्हणतो. सिस्टच्या आधीची ही पायरी. एक्स-रेत दोन्ही सारख्याच काळ्या दिसतात, आणि मुळाशी दिसणारी बहुतेक काळी वर्तुळं सिस्ट नसतातच. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर अभ्यासात मुळाशी चिकटलेले असे 256 नमुने तपासले गेले, तेव्हा खऱ्या अर्थाने सिस्ट निघाल्या जेमतेम 15 टक्के.

मग काहींची सिस्ट का होते? दात घडत असताना मुळाला आकार देणाऱ्या पेशींचे थोडे अवशेष मुळाभोवतीच्या तंतूंमध्ये आयुष्यभर शिल्लक राहतात. 1880 च्या दशकात मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्यांचं वर्णन केलं, आणि आजही ते त्याच्याच नावाने ओळखले जातात. तुमच्या-माझ्या प्रत्येक दाताभोवती ते आहेत, सहसा निपचित. पण शेजारी सतत सूज असली की पांढऱ्या पेशी इंटरल्युकिनसारखी संदेशद्रव्यं सोडतात, त्यांच्या चिथावणीने आसपासचे फायब्रोब्लास्ट (तंतू बनवणाऱ्या पेशी) वाढीची द्रव्यं सोडतात, आणि हे अवशेष जागे होऊन विभागायला लागतात. त्यांचे पुंजके मोठे होतात. या पेशींच्या थरात स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, म्हणून पुंजक्याच्या मधल्या पेशी उपाशी मरतात आणि मध्ये पोकळी पडते, असं एक स्पष्टीकरण आहे. दुसरं असं, की सुजेत पू होऊन आधी पोकळी तयार होते आणि या पेशी तिला आतून अस्तर लावतात. दोन्ही वाटांनी शेवट एकच: भिंत, अस्तर आणि आत द्रव.

तुमच्या नमुन्याची चकती, म्हणजे पातळ काप, मायक्रोस्कोपखाली कशी दिसली असेल हे सांगते. अशा चकत्या पाहणं हेच माझं रोजचं काम आहे. आतल्या बाजूला अस्तर. कुठे जाड, कुठे पातळ, कुठे झिजून गेलेलं, आणि जिथे सूज जास्त तिथे कमानी-कमानींनी भिंतीत उतरलेलं. अस्तराच्या लगेच खाली सगळ्यात दाट गर्दी. गोल, गडद, जवळजवळ केंद्रकच भरून असलेले लिम्फोसाइट. केंद्रक एका कडेला सरकलेल्या लांबट प्लाझ्मा पेशी. आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या, पोटात लाल पेशी भरलेल्या केशवाहिन्या. काही केशवाहिन्यांच्या भिंतीतून पांढऱ्या पेशी बाहेर पडतानाही सापडतात. जसजसं अस्तरापासून लांब, हाडाच्या बाजूला जावं तसतशी गर्दी विरळ होते आणि शांत, लाटालाटांचे कोलॅजनचे तंतू लागतात. हा उतार ध्यानात घ्या. कॅन्सरच्या पेशी भिंत फोडून सैरावैरा आत घुसतात. इथे सगळं जिथल्या तिथे आहे.

यातली प्रत्येक पेशी काहीतरी करत होती. प्लाझ्मा पेशी जंतूंविरुद्ध अँटिबॉडी बनवत होत्या. टी लिम्फोसाइट एकीकडे लढा भडकवत होते, एकीकडे आवरत होते. मॅक्रोफेज मेलेल्या पेशींचा कचरा खात होते. रिपोर्टमध्ये बहुधा वेगळा उल्लेख नसेल, पण अशा भिंतीत मास्ट पेशीही असतात, बऱ्याचदा केशवाहिन्यांना खेटून. त्या हिस्टामिन सोडतात आणि शेजारची केशवाहिनी पाझरू लागते. रक्तातला द्रव आणि प्रथिनं भिंतीत येतात, तिथून पोकळीत. अस्तरातून झडलेल्या पेशीही पोकळीतच विरघळतात. आतला द्रव असा घट्ट होत गेला की तो बाहेरचं पाणी ओढून घेतो, सिस्ट आतून फुगते आणि सगळीकडे सारखा दाब देत गोल होते. म्हणून एक्स-रेत ती तशी गोल दिसली.

पण नुसत्या दाबाने हाड मागे सरत नाही. 1973 मध्येच असं दाखवलं गेलं होतं, की दातांच्या सिस्टची भिंत प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य बनवते आणि त्याने हाड विरघळतं. पुढे त्यात इंटरल्युकिन-1, इंटरल्युकिन-6, टीएनएफ आणि रँकलिगंड या संदेशद्रव्यांची भर पडली. यातली बरीच द्रव्यं याच पांढऱ्या पेशींकडून येतात, आणि त्यांचा शेवटचा परिणाम एकच: ऑस्टिओक्लास्ट नावाच्या हाड खाणाऱ्या पेशी कामाला लागतात. हाड संसर्गापासून मागे हटतं आणि मोकळ्या झालेल्या जागेत भिंत पसरते. शरीराच्या दृष्टीने हा सौदा शहाणपणाचा आहे. संसर्ग हाडात खोल पसरण्यापेक्षा त्याच्याभोवती कुंपण पडलेलं बरं. किंमत म्हणून जबड्याचा तुकडा जातो.

रक्तवाहिन्यांचा कॅन्सरशी संबंध लावणारे तुमच्या घरचे अगदीच चुकलेले नाहीत. ज्यूडा फोकमन यांनी 1971 मध्ये मांडलं, की ट्यूमरला वाढायचं तर स्वतःकडे नव्या रक्तवाहिन्या ओढून आणाव्याच लागतात. त्या विचाराने कॅन्सरच्या उपचारांची एक पूर्ण शाखा उभी राहिली, आणि तिथूनच ही गोष्ट सर्वसामान्यांपर्यंत पोचली. फक्त तिची दुसरी बाजू मागे पडली. नव्या केशवाहिन्या प्रत्येक जखमेत फुटतात, प्रत्येक जुनाट सुजेत फुटतात. मोडलेलं हाड त्यांच्याशिवाय जुळत नाही. त्यांना बोलावणारं मुख्य द्रव्य व्हीईजीएफ. ते 1983 मध्ये पहिल्यांदा हाती लागलं तेव्हा लक्ष वेधलं होतं त्याच्या वेगळ्याच गुणाने: रक्तवाहिन्यांना ते पाझरायला लावतं. सिस्टच्या बाबतीत दोन्ही गुण लागू पडतात. अस्तराच्या पेशी आणि भिंतीतल्या पांढऱ्या पेशी दोघीही व्हीईजीएफ सोडतात. नव्या केशवाहिन्यांमधून आणखी पांढऱ्या पेशी येतात, त्या आणखी व्हीईजीएफ सोडतात, आणि पाझरलेल्या द्रवाने पोकळी भरत राहते. म्हणूनच अशा भिंतीत जिथे सूज जास्त तिथे केशवाहिन्याही जास्त. तुमच्या रिपोर्टमधली ती दोन वाक्यं एकाच गोष्टीबद्दल आहेत.

रसेल बॉडीजनी तुम्ही घाबरला असाल तर तुमच्याआधी एक नामांकित डॉक्टरही घाबरले होते. एडिंबराच्या विल्यम रसेल यांना 1890 मध्ये कॅन्सरच्या चकत्यांमध्ये हे गोल, चकचकीत मणी दिसले आणि हाच कॅन्सरचा जंतू, असं त्यांनी जाहीर केलं. खरं तर प्लाझ्मा पेशीने भरमसाठ अँटिबॉडी बनवली आणि ती बाहेर पडण्याऐवजी आतच साठली, की असा मणी तयार होतो. जुनाट सूज जिथे असेल तिथे ते सापडतात. कोलेस्टेरॉलच्या फटींचंही तसंच. पाझरलेल्या रक्तातल्या लाल पेशी आणि इतर पेशी मेल्या की त्यांच्या आवरणातलं कोलेस्टेरॉल मोकळं होतं, त्याचे सुईसारखे स्फटिक बनतात, आणि चकती तयार करताना ते विरघळून मागे फटी उरतात. हे मेद मॅक्रोफेजने गिळलं की तो 'फेसाळ' दिसतो. यावरून तुमच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढलंय असा अर्थ काढू नका.

आता दिरांची सिस्ट. ती बाहेर न आलेल्या अक्कलदाढेच्या माथ्याभोवतीची, म्हणजे बहुतेक डेंटिजेरस सिस्ट. तिच्यात जंतूंचा काही संबंध सुरुवातीला नसतो. दाढ वर यायला धडपडते, भोवतीच्या पिशवीतल्या शिरांवर दाब येतो, रक्त परत जायला अडतं आणि द्रव पाझरून दाढेच्या माथ्याभोवती साठतो, अशी तिची एक मान्य उपपत्ती आहे. रक्तवाहिन्या तिथेही आहेत, पण तिथे प्रश्न त्यांच्या तुंबण्याचा. संसर्ग नाही म्हणून पांढऱ्या पेशीही नाहीत. तुमची वाईट आणि त्यांची चांगली, असा याचा अर्थ अजिबात होत नाही.

उलट, जबड्यातल्या ज्या सिस्टवर आमची सगळ्यात कडक नजर असते, तिच्या भिंतीत सूज बहुतेक वेळा नावालाच असते. तिचं नाव ओडोंटोजेनिक केराटोसिस्ट. 1956 मध्ये फिलिप्सन यांनी तिला वेगळं काढलं. पातळ भिंत, एकसारखं पाच-सहा ते आठ-दहा पेशींचं अस्तर, खालची रांग शिस्तीत उभी. तिला वाढायला पांढऱ्या पेशींची चिथावणी लागत नाही, कारण तिच्या अस्तरातच वाढीचा जोर असतो. पुष्कळदा पीटीसीएच-1 या जनुकात बिघाड सापडतो. काढल्यावर ती परत येण्याचं प्रमाणही इतर सिस्टपेक्षा जास्त, इतकं की जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये तिला ट्यूमरच्या यादीत टाकलं होतं आणि 2017 मध्ये पुन्हा सिस्टमध्ये आणलं. तिचा द्रवही वेगळा. त्यात विरघळलेली प्रथिनं 100 मिलीलीटरमागे 4 ग्रॅमच्या खाली भरतात, तर तुमच्यासारख्या सुजलेल्या सिस्टमध्ये साधारण 5 ते 11 ग्रॅम. तुमच्या भिंतीतल्या केशवाहिन्या किती पाझरत होत्या, हे त्या आकड्यांवरून कळतं. आणि याच केराटोसिस्टला पुढे संसर्ग होऊन सूज आली, तर तिचं ते शिस्तशीर अस्तर बदलून जातं आणि छोट्या तुकड्याच्या बायोप्सीत ती ओळखू येत नाही. सूज पेशींची ओळख पुसू शकते, ही आमच्या कामातली खरी डोकेदुखी. तुमची अख्खी सिस्ट तपासली गेली, हे त्या दृष्टीने फार चांगलं झालं.

तुमच्या प्रतिकारशक्तीने तिचं काम चोख केलं. तुमच्या पेशी तुमच्याच शरीराला परकं समजून त्याच्यावर तुटून पडल्या, असा हा प्रकार नव्हता. खरा शत्रू आत होता, फक्त त्यांच्या आवाक्याबाहेर. त्यामुळे प्रतिकारशक्ती 'वाढवणारी' औषधं घेऊ नका, ताई. त्यातलं काहीही दाताच्या नळीत पोचलं नसतं, आणि आता तर त्याचं कामही उरलेलं नाही. रूट कॅनालने नळी साफ होऊन बंद झाली, मुळाचं टोक गेलं, सिस्ट निघाली. कारण गेलं की जमाव पांगतो. याचा पुरावा आम्हाला अधूनमधून मिळतो: काही वेळा दोषी दात उपटला जातो आणि सिस्ट नकळत जबड्यात मागे राहते. अशी सिस्ट बऱ्याच वर्षांनी काढली तर तिच्या भिंतीत पांढऱ्या पेशी आणि केशवाहिन्या पुष्कळ कमी झालेल्या असतात.

सध्या तुमच्या जबड्यात काय चाललंय तेही सांगते. सिस्टच्या जागी रक्ताची गुठळी धरली असेल. तिच्यात कडेच्या हाडातून नव्या केशवाहिन्या शिरतायत, त्यांच्यामागोमाग हाड बांधणाऱ्या पेशी येतायत, आणि मॅक्रोफेज आता भरून काढण्याच्या कामाला लागलेत. ज्या रक्तवाहिन्यांची तुम्हाला भीती वाटली, तशाच आत्ता हव्या आहेत. तंबाखू किंवा सिगारेट त्यांच्या वाढीत अडथळा आणते, तेव्हा घरात कुणी ओढत असेल तर त्यांना तुमच्यापासून लांब ओढायला सांगा. मधुमेह असेल आणि शस्त्रक्रियेआधी सांगायचं राहिलं असेल, तर आता डॉक्टरांना सांगा, कारण साखर जास्त असली की जखम हळू भरते.

हाड भरायला महिने लागतात, खड्डा मोठा असेल तर वर्ष-दोन वर्षंही. पहिल्या एक्स-रेत काळेपणा दिसला म्हणून हबकू नका. त्याची तुलना शस्त्रक्रियेआधीच्या एक्स-रेशी करायची असते. निदान वर्षभर, आणि हाड पूर्ण भरलेलं दिसलं नाही तर चार वर्षांपर्यंत, ठरलेल्या वेळी एक्स-रे काढत राहा. हाडाच्या पुढच्या आणि टाळूकडच्या दोन्ही भिंती गेल्या असतील तर मध्ये तंतूंचा व्रण राहतो आणि एक लहान काळा ठिपका कायम दिसतो. तो वाढत नसेल तर त्याला हात लावायची गरज नाही. हिरडीवर पुन्हा फुगवटा आला, पुळी येऊन पू झिरपू लागला किंवा दात हलायला लागला, तर मात्र ठरलेल्या तारखेची वाट न बघता जा.

दिरांना त्यांचा रिपोर्ट एकदा शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला सांगा. 'डेंटिजेरस' असेल तर सांगितलेल्या तपासण्या करून घेतल्या की झालं. 'केराटोसिस्ट' असेल तर काही दुखत नसलं तरी त्यांनी अनेक वर्षं नियमाने एक्स-रे काढायला हवेत. आणि तुम्ही पुढच्या भेटीत डॉक्टरांना शेजारच्या दातांची नस जिवंत आहे का, ते थंडाच्या चाचणीने बघायला सांगा. पडलात तेव्हा मार एकाच दाताला बसला होता, असं आपण धरून चालायला नको.